गुडघ्याला लावलेला कान

बोलता बोलता व्याख्यान द्यायला आलेल्या बाईंनी माईक खाली नेला, स्वतःच्या उजव्या गुडघ्याला टेकवला आणि त्या अर्ध्या खाली बसून पुन्हा उठल्या. दोन्ही स्पीकरांतून करकर आवाज आला, वाळू सांडलेल्या फरशीवरून कोणी स्टूल ओढावं तसा. मागून कोणीतरी म्हणालं, बाईंचं बेअरिंग गेलं, आणि सगळे हसले, कारण आमच्या पंपघरात हा विनोद कशालाही चालतो, पंख्याला, सायकलीला, साहेबांच्या घशालाही. बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, मी सोळा वर्षांची असल्यापासून हा गुडघा असाच बोलतो, आणि आज सकाळी मी सहा किलोमीटर पळून आले आहे. दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाचा अर्थ काही नाही. मी तिसऱ्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो होतो. मला हसू आलं नाही आणि दुसरंही काही आलं नाही. आवाज ओळखीचा होता, एवढंच. अकरा वर्षांपूर्वी मी तो बायकोच्या गुडघ्याला कान लावून ऐकला होता आणि त्यावर निकाल दिला होता.

मी पंपघरात फिटर आहे. शहराला पाणी चढवणारे नऊ पंप आमच्याकडे आहेत. त्यांतला कुठला आजारी आहे हे कागद बघून सांगणारे वेगळे, ऐकून सांगणारा मी. लांब स्क्रूड्रायव्हरचं पातं चालत्या पंपाच्या अंगावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी लावायची आणि डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं, जायला आलेलं करकरतं. एकदा करकरायला लागलं की त्याचे तास मोजायला घ्यायचे: भार कमी, चालवणं कमी, नवं येईपर्यंत जपून. प्रत्येक पंपाशेजारी खिळ्याला एक तासपत्रक टांगलेलं असतं, त्यात रोज किती वेळ चालला आणि आवाज कसा होता ते लिहायचं. तेहतीस वर्षांत माझा कान तीनदा चुकला असेल. पोरं मला मागून नुसतं ‘कान’ म्हणतात, तोंडावर कानसाहेब. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

बाईंना बोलावलं होतं ते यंदा पाठीच्या दुखण्यासाठी फार रजा पडल्या म्हणून. त्या हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवतात. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हाडं, सांधे, मणका: आपले गैरसमज’, आणि एकेकाला बोलतं करून त्या ते गैरसमज काढून घेत होत्या. वेल्डर म्हणाला, माझा मणका सरकलाय, म्हणून दोन वर्षं पट्टा बांधतो. त्या म्हणाल्या, मणका टेबलाच्या खणासारखा सरकत नाही, आणि पट्टा दोन वर्षं बांधलात तर पाठीचे स्नायू सुट्टीवर जातात. क्रेनवाल्याने बोटं मोडून दाखवली, याने संधिवात होतो ना, आई ओरडायची. होत नाही म्हणाल्या, आई आवाजाला कंटाळली असेल. कंबर धरली की आठवडाभर फळीवर पडून राहायचं, हेही त्यांनी खोडून काढलं. सगळे आपापलं अज्ञान उघडं पडल्यावर खूश होऊन हसत होते, शाळेत सगळ्या वर्गाचं गणित चुकलं की मुलं हसतात तसे. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. ‘तुम्ही यंत्रावरची माणसं, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते. यंत्राचा भाग वापरला की झिजतो. सांधा बसवून ठेवला की बिघडतो.’ लगेच त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मी माझ्या मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिलो. नखांत ग्रीस होतं. ते नेहमीच असतं.

माझी बायको टपाल वाटायची. लग्नाआधीपासून तिची ती नोकरी. तिच्या ठरलेल्या गल्ल्या होत्या, बहुतेक चढाच्या, आणि खांद्याला पिशवी अडकवून ती दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालायची. कुठल्या दारात कुत्रा आहे, कुठल्या म्हातारीला पाकीट फोडून वाचून दाखवावं लागतं, कुणाचं पत्र आलेलं नसलं तरी त्याच्या दाराशी क्षणभर थांबावं लागतं, हे तिला पाठ होतं. संध्याकाळी आली की पाय बादलीत सोडून बसायची आणि सगळं सांगायची. मी ऐकायचो, म्हणजे समोर असायचो. दिवसभर नऊ पंप ऐकून आलेल्या माणसाला घरी आल्यावर कानांना सुट्टी लागते, असं मी तिला एकदा म्हणालोही होतो. ती हसली होती. मग त्यातल्याच एका संध्याकाळी ती म्हणाली की उतरताना गुडघा बोलतो हल्ली. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. दुखतो का, मी विचारलं. कधी कधी, चढ जास्त झाला की, विशेष नाही. मी तिला खुर्चीत बसवलं, पुढ्यात जमिनीवर बसलो, कपडा गुडघ्यावर सारला आणि स्क्रूड्रायव्हर कामावर राहिला होता म्हणून थेट कानच टेकवला. एक हात तिच्या टाचेखाली धरून पाय हळूहळू वाकवला, सरळ केला. कातडीला साबणाचा आणि रस्त्याच्या धुळीचा वास होता. आत करकरलं. पुन्हा वाकवला, पुन्हा करकरलं. ती हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. मी मान वर केली तेव्हा तिचं हसू थांबलं, कारण पंपाजवळ होतो तसा माझा चेहरा झाला असणार. मी म्हणालो, जपायला हवं.

डॉक्टरांकडेही नेलं, नाही असं नाही. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, वयानुसार थोडी झीज आहे, सगळ्यांनाच असते, मांड्यांची ताकद वाढवा, चालणं चालू ठेवा. त्यातला एकच शब्द मी घरी घेऊन आलो, झीज. बाकीचं डॉक्टर धीर द्यायला म्हणतातच असं मला वाटलं. साहेबांना घाबरवायचं नसलं की मीही ‘थोडं’ म्हणतो. त्याच रविवारी मी पट्टीने रेघा मारून एक तासपत्रक केलं. तारीख, चढणे, उतरणे, आवाज, दुखणे. दाराच्या मागे खिळा ठोकून अडकवलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मजल्याला अठरा पायऱ्या, नवव्या पायरीवर वळण. तिच्या गल्ल्यांतल्या पायऱ्या तर मोजण्यापलीकडच्या. मी तिला समजावलं की गुडघ्याचे तास ठरलेले असतात, आज उधळलेस तर म्हातारपणी काय करशील. दोन दिवसांनी ती हो म्हणाली. सहा महिन्यांनी तिने टपाल निवडण्याचं बैठं काम मागून घेतलं. वर्षभराने तेही सोडलं. बसून पत्रं निवडताना, म्हणे, कुणाचं दारच दिसत नाही. पिशवी परत करून आली त्या दिवशी तिने पत्रकात स्वतःच्या हाताने चोपन्न लिहिलं, चढणे या रकान्यात. दुखणे या रकान्यात तिने काही लिहिलं नाही.

पुढे आठवड्यातून तीनदा खाली जाणं होतं, ते एकदा झालं, मग कारण असेल तेव्हा. किराणा मी आणायचो, भाजी मी आणायचो. खिडकीजवळ खुर्ची मी ठेवली. शेजारणी तिला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, तळहातावरच्या फोडासारखं जपतात. ते ऐकून मला बरं वाटायचं. दोनेक वर्षांनी खुर्चीतून उठताना तिला हातांचा जोर लावावा लागायला लागला, मांड्या काठीसारख्या झाल्या. मी म्हटलं, बघ, झीज वाढतेय, आणि आणखी जपायला सांगितलं. आता विचार करतो तर वाटतं, एवढं साधं कसं दिसलं नाही. पण मी बघत नव्हतोच. रोज संध्याकाळी दारात बूट काढता काढता मी विचारायचो, किती? ती म्हणायची, शून्य. आवाज? आहे. दुखतं? नाही. मी लिहायचो आणि आम्ही जेवायला बसायचो. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तिथेच तिने लग्न केलं. घरात आम्ही दोघं उरलो. मग बोलणं असं ते एवढंच राहिलं.

भाषण संपल्यावर पोरं बिस्किटांकडे गेली. मी बाईंपाशी जाऊन उभा राहिलो. त्या माईकची वायर कोपर आणि अंगठ्यात गुंडाळत होत्या, आमच्याकडे केबल गुंडाळतात तशीच. मी विचारलं, एखाद्या बाईने, आवाज येतो म्हणून, पायऱ्या कमी करत करत बंद केल्या असतील तर. त्यांनी विचारलं, किती दिवस?

‘अकरा वर्षं.’

वायर गुंडाळणारा हात थांबला. ‘कोणी सांगितलं त्यांना?’

‘डॉक्टरांनी,’ मी म्हणालो.

खोटं बोललो, आणि सहज बोललो. त्या म्हणाल्या, त्या डॉक्टरांना एकदा भेटायला हवं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘ताकद परत येते. सगळी येईल असं मी नाही म्हणणार, पण येते. आधी तपासून घेऊ, मग थोडं थोडं वाढवू. फक्त आणखी थांबू नका. एकेक वर्ष गेलं की अवघड होत जातं.’ त्यांनी दवाखान्याचं कार्ड दिलं. मी ते खिशात ठेवलं, जिथे स्क्रूड्रायव्हर असतो त्या खिशात.

घरी चालत गेलो. पुलावर काम चालू होतं म्हणून लांबचा रस्ता. दुकानांची शटरं अर्धी उघडी होती, एक माणूस शिडीवर उभा राहून पाटी पुसत होता, दोन बायका बाकावर बसून एकाच फोनमध्ये पाहत होत्या. मला सगळं दिसत होतं, पण दारापलीकडे कोणी बोलावं तसं. मला वाईट वाटतंय का, हे मी स्वतःला दोनदा विचारून पाहिलं. वाटायला हवं होतं. अकरा वर्षं म्हणजे काय याचा हिशोब मला घालता येतो, तासांचाच माणूस मी. पण आकडा आला आणि तसाच पडून राहिला. चढावर आलो तेव्हा माझ्या स्वतःच्या डाव्या गुडघ्यातून करकर आली. मी थांबलो. पुन्हा एक पाऊल टाकलं, पुन्हा आली. ती काही आजची नव्हती. मी रोज पंपांच्या शिड्या चढतो-उतरतो, खड्ड्यात उकिडवा बसतो, आणि हा गुडघा कित्येक वर्षं असाच वाजतोय. त्याचं पत्रक मी कधी केलं नाही. स्वतःच्या गुडघ्यापर्यंत माणसाचा कान पोचत नाही, म्हणून असेल. चढ संपेपर्यंत मी ते ऐकत गेलो. मधेच असंही मनात आलं की सांगितलंच नाही तर काय होईल. काही होणार नव्हतं. ती खुर्चीत बसली असती, मी भाजी आणली असती, शेजारणी नशीब काढलंस म्हणत राहिल्या असत्या. सांगितलं तर तिची अकरा वर्षं माझ्या अंगावर येणार होती, आणि न सांगितलं तर उरलेलीही जाणार होती. एवढं स्पष्ट कळत असूनही मी कोपऱ्यावर बराच वेळ भाजीच्या दुकानापुढे उभा राहिलो आणि शेवटी दोन किलो बटाटे घेतले. घरात होते.

ती खिडकीजवळ होती. मी बूट काढले आणि किती म्हणून विचारलं नाही. तिनेच सांगितलं, शून्य. मग मी बटाट्यांची पिशवी हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. माईक, करकर, सहा किलोमीटर, झिजणं आणि बिघडणं. डॉक्टर तेव्हा चालणं चालू ठेवा म्हणाले होते, तेही सांगितलं. ते तिला आठवत होतं. ती तिथेच तर बसली होती, दवाखान्यात, माझ्या शेजारी. माझी चूक झाली, असं मी म्हणालो. हे शब्द पंपघरात म्हणतो तसेच निघाले, नट उलटा बसवला असला की म्हणतो तसे. ती ऐकत होती. मग विचारलं, बाई केवढी आहे? तीस-बत्तीसची असेल, मी म्हणालो. ती हं म्हणाली, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली आणि चपला शोधायला लागली. ‘चला, बघू,’ ती म्हणाली. मी म्हटलं, आधी तपासून घेऊ म्हणाल्यात बाई. ती म्हणाली, उद्या तपासू.

आमच्या जिन्याचा कठडा लोखंडी नळाचा आहे, तळापासून गच्चीपर्यंत जोडत नेलेला. तिने तो धरला, आडवी उभी राहिली आणि एक पाय खाली टाकून दुसरा त्याच्या शेजारी आणला. मी तिच्या दोन पायऱ्या खाली, तोंड तिच्याकडे करून, मागे मागे उतरत होतो. गुडघा वाजत होता. जिन्यात तो मोठा वाटत होता. चौथ्या पायरीला तिच्या मांड्या थरथरायला लागल्या, सहाव्याला कपाळावर घाम आला. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. वळणावर पोचल्यावर ती वरच्या पायरीवर बसली आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तिने तळहात उलटे करून पाहिले. त्यांना कठड्याचा गंज लागला होता.

‘मला ठाऊक होतं,’ ती म्हणाली.

मला वाटलं, डॉक्टरांचं म्हणतेय. पण ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती त्याबद्दल बोलत होती, पाच वर्षांपूर्वी, महिनाभर. ‘तिथे लिफ्ट होती म्हणून सांगितलं ना तुम्हाला. बंद होती. चौथा मजला. बाळाला उन्हात न्यायचं, औषध आणायचं, दिवसातून तीनदा-चारदा व्हायचं. पहिला आठवडा रडकुंडीला आले. नंतर दुखायचं थांबलं. आवाज होता तस्साच. शेवटी शेवटी बाळाला कडेवर घेऊन चढायचे, गाणं म्हणत.’

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

‘परत आले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. महिन्याने भेटत होतो आपण. तुम्ही विचारलंत, किती चढलीस.’ तिने हात कपड्याला पुसले. ‘मला वाटलं, गुडघा बरा आहे म्हटलं, तर हा माणूस उद्यापासून मला विचारणार काय? इतक्या वर्षांत तुम्ही कान लावलात तो एकदाच. तोही गुडघ्याला. म्हटलं, असू दे. आठवडाभराने सांगू, महिन्याने सांगू. मग बसून बसून पायांतला जोर पुन्हा गेला, आणि सांगण्यासारखं काही राहिलंच नाही.’

खालच्या मजल्यावर कोणीतरी दार लावलं. भिंतीला टेकून माझ्या एका पायाला मुंग्या आल्या होत्या, तो मी हलवला नाही. राग आहे का, असं मी तिला विचारलं. होता, ती म्हणाली. मला तिचा हात धरावासा वाटला, म्हणजे धरायला हवा असं कळलं, पण हात बटाट्यांच्या पिशवीसारखा लोंबत राहिला. अकरा वर्षांत शिळं झालेलं सगळं एका संध्याकाळी ताजं होत नाही, एवढं मलाही समजतं.

‘तुम्ही वर जा,’ ती म्हणाली. ‘चहा टाका. मी येते मागून.’

‘धरायला थांबतो.’

‘नको. आणि मोजू नका.’

मी वर आलो. पातेल्यात पाणी घेतलं, साखर टाकली, पूड टाकली. दारामागे पत्रक होतं, आजची ओळ रिकामी. लिहायचं तर नऊ लिहावं लागणार होतं. मी पेन उचललं नाही. जिन्यात काही हालचाल नव्हती. बसली असेल अजून, मी मनाशी म्हटलं. नंतर पाय वाजले, पण जिन्यात आवाज घुमतो, नीट उमगेना. म्हणून मी दाराबाहेर गेलो, वाकलो आणि कठड्याच्या नळाला कान लावला. लोखंड गार होतं. त्यातून तिच्या बोटातली अंगठी ऐकू येत होती. हात पुढे सरकला की टक, मग एक पाऊल, मग दुसरं, मग श्वास घेण्याएवढा वेळ काही नाही, मग पुन्हा टक. मी डोळे मिटले. आवाज जवळ येतोय की लांब जातोय हे ओळखायला मला वेळ लागत नाही, तेहतीस वर्षं तेच केलंय. हा लांब जात होता. दुसरा मजला मागे पडला होता आणि अंगठी खालीच चालली होती. पाय घसरला तर, तोल गेला तर, असं मनात आलं आणि मी नळ दोन्ही हातांनी घट्ट धरला. दिवसभरात मला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, ते हेच. हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. अगदी तळाशी ती थांबली असावी, बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग नळातून एक शेवटची टक आली, तिने कठडा सोडल्याची.

मी कान काढून घेतला. आत चहा उतू गेला होता. तो पुसला, दुसरं पाणी ठेवलं आणि दार उघडं टाकून तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. किती वेळ बसलो होतो ते सांगता येणार नाही. मी मोजत नव्हतो.